वाट्याला आलेली डिस्क

नवऱ्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ घातली तेव्हा मी टेबलाखाली वाकून वायरी पाहत होते. डबा सरकला आणि त्याचा कोपरा माझ्या कपाळाला लागला. मी उठले, टेबलावरची कापड मापायची लोखंडी पट्टी उचलली आणि त्याच्या पोटरीवर हाणली. त्यानं माझी वेणी धरून मला भिंतीला टेकवलं. आमच्या घरात तोंडाच्या आधी हात उठतात. माझाही उठतो. अकोल्याला माहेरी होते तेव्हा मी अशी नव्हते, हे सांगून ठेवते. सासरी येऊन शिकले, जशी इथली झणझणीत भाजी खायला शिकले. आणखी एक. त्याच्यासमोर मी 'तुमी' म्हणायची, इथं मात्र 'तो' म्हणणार आहे. ज्याला राग येईल त्यानं वाचू नये.

लाथ मारायचं कारण पडद्यावर दिसत होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ, चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही म्हणून. कितीही वेळा बटण दाबा, तीच ओळ.

"चोरलं त्यानं," नवरा म्हणाला. "आतलं काळीज काढून नेलं अन् खोकं मले देल्लं. मी ओळखतो त्याले. लहानपणी माह्या भोवऱ्याची आर काढून घ्याचा अन् लाकूड मले द्याचा."

'तो' म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ, माझे भासरे.

अमरावतीच्या राजापेठेत आमचं दुकान होतं, दोघा भावांचं मिळून. भासरे लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करायचे. नवरा एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवायचा. आणि त्या मशीनला काय शिवायचं ते सांगणारी मी. शाळेच्या खिशावरचा बिल्ला, ब्लाऊजच्या बाह्या, नांदगाव पेठेतल्या कारखान्यांतल्या माणसांच्या शर्टावरची अक्षरं, सगळं आधी मी कॉम्प्युटरवर टाका टाका करून काढायची, मग मशीन ते कापडावर उतरवायचं. वर्षानुवर्षांची डिझाइनं त्यात होती. लोक मशीन पाहायचे आणि नवऱ्याला कारागीर म्हणायचे. म्हणू द्या.

कॉम्प्युटर मात्र एकच होता. माझा डिझाइनचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालायचा, भासऱ्यांना नवी लागायची. म्हणून एका जाणत्यानं त्याच डब्यात दुसरी डिस्क बसवून माझी जुनी विंडोज तिच्यावर टाकून दिली होती. बटण दाबलं की कॉम्प्युटर विचारायचा, फोटो उघडू की डिझाइन? भासरे फोटोवर दाबायचे, मी डिझाइनवर. एका घरात दोन चुली असाव्या तसा तो डबा होता, आणि त्या घरातली तेवढीच एक जागा होती जिथं भांडण नव्हतं.

बाकी भांडणाला काही तोटा नव्हता. सासऱ्यांनी दोन्ही पोरांना सायकलच्या टायरनं फोडून काढून वाढवलं. पोरं मोठी झाली, सासरे गेले, टायरही गेलं, पण मार काही घरातून गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काय खोटं आहे? एकदा गिऱ्हाईक कोणाचं ह्यावरून भासऱ्यांनी कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड नवऱ्याच्या डोक्यात घातलं. नवऱ्यानं त्यांचं बोट दारात घालून दार लोटलं. एक डोकं धरून ओरडत होता, दुसरा बोट, आणि समोरच्या शिकवणीच्या क्लासमधली पोरंपोरी रस्त्यावर उभी राहून तमाशा पाहत होती. त्या झटापटीत माझ्या प्रोग्रामच्या सीडीवर भासऱ्यांचा पाय पडला आणि ती तडकली. ज्यानं ती विकली त्यानं केव्हाचंच दुकान बंद केलं होतं. म्हणजे तो प्रोग्राम आता फक्त माझ्या डिस्कमध्ये जिवंत, दुसरीकडे कुठंही नाही.

त्या दिवशी ठरलं, वाटे पाडायचे. नांदगाव खंडेश्वरहून नवऱ्याचे मामा आले. शेतकरी माणूस, शब्दाला वजन. दुकानात सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाटे थोरल्यानं पाडावे, उचलावे धाकट्यानं. रीत हाये." रीत चांगली आहे. पाडणाऱ्याला माहीत असतं की आधी उचलणार दुसरा, म्हणून तो काटा मारत नाही. भासऱ्यांनी जमिनीवर दोन ढीग केले. इकडे कॅमेरे तर तिकडे एम्ब्रॉयडरीचं मशीन, इकडे प्रिंटर तर तिकडे काचेचं कपाट, इकडे दोन खुर्च्या, तिकडे दोन खुर्च्या. पंखा राहिला तर तो मामांना दिला.

मग कॉम्प्युटर. सगळे त्याच्याकडे पाहत बसले. मामा म्हणाले, "हे कसं चिरता?" भासरे म्हणाले, "चिरा काहून लागते? ह्यात दोन डिस्का हायेत. फोटोची माह्यी, डिझाइनची ह्याची. खोकं मशीनसंगं जाऊ दे." मामांनी मान डोलावली. "बरोबर. जोडीतला एक एक बैल." भासऱ्यांनी स्वतः पेचकस घेऊन आपली डिस्क खोलली, रुमालात गुंडाळली. नवऱ्यानं मशीनचा ढीग उचलला. कोणी हूं की चूं केलं नाही. इतकी सरळ वाटणी आमच्या खानदानात कधी झाली नसेल. आठवड्याभरात भासरे जाऊबाईंना घेऊन अकोल्याला गेले आणि तिथं त्यांनी फोटोचं दुकान टाकलं.

आणि इथं माझी डिस्क उठेना.

दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं पाहिलं, म्हणाला, डिस्क चांगली आहे, पण चालू होत नाही. फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकून देतो. मी म्हटलं, "माह्या उभ्या पिकावर नांगर फिरवतं काय बे? प्रोग्राम कुठून आणू?" तो म्हणाला, मग काही इलाज नाही. 'इलाज नाही' हे दोन शब्द ऐकले आणि नवऱ्यानं त्याची कॉलर धरली. बिचारा जीव घेऊन पळाला. त्याचा पेनड्राइव्ह आमच्या डब्यालाच लागलेला राहिला.

नवऱ्यानं कोपऱ्यातला रॉड उचलला. शटर ओढायचा, पुढं आकडा असलेला लोखंडी रॉड. वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली. "चालून राहिलो अकोल्याले," म्हणाला. "आज त्याचं डोकं फोडून त्यातून काढतो आपला वाटा."

तो नुसतं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं फोडलेली डोकी मी पाहिली होती. डोकं भासऱ्यांचं फुटणार, जेलात हा जाणार, आणि दोन घरांत दोन बायका कपाळाला हात लावून बसणार. मी दारात आडवी झाले. "थांबा. चारच्या बसनं जा. तोपर्यंत मले पाहू द्या. डिस्क उठली तर दादांनी चोरलं नाही, अन् तुमी रॉड ठेवून द्याचा. नाही उठली तर तुमी मोकळे."

"तू उठवतं? तुले काय समजते त्यातलं?"

"तुमाले काय समजते? लाथा मारता!"

का कोण जाणे, बसला. स्टूल माझ्या पाठीमागं ओढून, रॉड मांडीवर आडवा घेऊन बसला. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता.

पाण्याच्या निमित्तानं मी मागच्या नळाशी गेले आणि जाऊबाईंना फोन लावला. "जाऊबाई, खरं सांगा. आमच्या डिस्कमधून काही काढून घेतलं काय भासऱ्यांनी?"

"अवं, तेवढी अक्कल असती त्या माणसाले तर अजून काय पायजे होतं?" त्या कुजबुजत म्हणाल्या. "तुह्या नवऱ्यानं फोनवर मायबहिणीच्या शिव्या देल्ल्या, तवापासून हे बी कोयता गल्ल्याखाली घेऊन बसले. सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून मले दोन ठेवून देल्ल्या. गाल सुजला माहा."

"तुमची डिस्क तिकडं चालू झाली?"

"लगेच झाली. नव्या डब्यात टाकली, झाली. पण अवं, एक गंमत. अजून बी विचारते ते, फोटो उघडू का डिझाइन? तुही डिस्क इथं नाही, तरी विचारते. डिझाइनवर दाबलं का काहीतरी चुकलं म्हणते."

मी तिथंच नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली. म्हणजे तो प्रश्न विचारणारा भासऱ्यांच्या डिस्कमध्ये बसला होता! पहिल्यापासून तिथंच. माझ्या डिस्कवर सगळं होतं, विंडोज होती, प्रोग्राम होता, डिझाइनं होती, पण सकाळी उठवणारं कोणी नव्हतं. इतकी वर्षं ती शेजारणीच्या हाकेनं उठत होती, आणि शेजारीण घर सोडून गेली. भासऱ्यांना माहीत नव्हतं, मामांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी आत येऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि तिथं माझं चुकलं. तो ताडकन उठला. "पाह्य! आपलं नाव त्याच्या डब्यात दिसते! अजून काय पुरावा पायजे तुले?"

"अहो, नाव दिसते म्हणजे चोरलं नाही..."

"माह्या घराची पाटी त्याच्या दारावर, अन् चोरी नाही?"

"चार वाजले काय? नाही ना? बसा खाली."

फोनवर मी शोधलं. दुसऱ्या डिस्कला स्वतःच्या पायावर चालू करायचं कसं. एक माणूस हिंदीत सांगत होता, शांतपणे, जसं काही जगात कोणाच्याच मांडीवर रॉड नसतो. त्याचं म्हणणं समजायला मी तेच तेच पुन्हा लावत होते आणि नवरा मागून म्हणत होता, "बंद कर त्याले, नाही तर तो बी मार खाईन." पळालेल्या माणसाचा पेनड्राइव्ह कामी आला. त्यावरून कॉम्प्युटर चालू केला, विंडोज टाकायचं सोडून दुरुस्तीवर दाबलं, आणि एक काळी खिडकी उघडली, जिच्यात सगळं हातानं लिहायचं असतं.

करायचं एवढंच होतं. डिस्कचे दोन भाग होते, एकात विंडोज आणि प्रोग्राम, दुसऱ्यात नुसती डिझाइनं. ज्यात विंडोज आहे त्या भागावर खूण करायची, की बाई, इथून चालू हो. मग उठवणाऱ्या फायली तिथंच, तिच्याच अंगात बनवायच्या. मी खूण केली. आज्ञा लिहिली. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं.

काळा पडदा. पांढरी ओळ. तीच.

मागे स्टूल पडल्याचा आवाज आला आणि मग काच. त्यानं रॉड फिरवला होता, वाट्याला आलेल्या काचेच्या कपाटावर. रंगीत दोऱ्यांचे कोन काचांसकट जमिनीवर घरंगळले. त्यानं दुसरा घाव घातला, तिसरा घातला, कपाटाचं लाकूड चिरलं. क्लासमधली पोरं पुन्हा रस्त्यावर जमली. माझ्या पायात काच घुसली, चप्पल काढूनच बसले होते. रक्त पाहून मला काय झालं माहीत नाही, मी असा आवाज काढला की समोरचा चहावाला आत डोकावला. "फोडा! सगळं फोडा! मले फोडा! पण चार वाजेपर्यंत ह्या डब्याले हात लावला तर ह्याच काचेनं तुमचा गळा चिरीन, शपथ आहे!"

खरंच चिरला असता. आजही मला तसंच वाटतं.

तो भिंतीला टेकून धापा टाकत उभा राहिला. मी पायातली काच उपटली, ओढणीची चिंधी बांधली आणि पुन्हा त्या काळ्या खिडकीसमोर बसले. माझी चूक कळायला वेळ लागला. तिथं डिस्कच्या भागांची अक्षरं बदलतात. रोज आपण ज्याला सी म्हणतो तो तिथं डी झालेला असतो. मी डिझाइनांच्या भागावर खूण करून बसले होते, म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ह्या वेळी आधी आत काय आहे ते उघडून पाहिलं, विंडोजचं नाव दिसलं, मगच खूण केली. पहिली खूण पुसली. आज्ञा लिहिली. खाली ओळ आली, फायली तयार झाल्या. पेनड्राइव्ह काढला.

बटण दाबलं.

काळा पडदा. मी डोळे मिटले. मग मागून नवऱ्याचा श्वास थांबल्यासारखा वाटला म्हणून उघडले. विंडोजची रंगीत खूण आली होती. आणि मग माझा पडदा, माझी डिझाइनं, मोर, बिल्ले, कमळं, कारखान्याची अक्षरं, जिथल्या तिथं. कोणालाही न विचारता उठली होती माझी बाई! मला रडू फुटलं. लग्नानंतर त्या दुकानात आनंदानं मी तेवढी एकदाच रडले असेन.

"पाहा," मी म्हटलं. "पाहा तुमच्या डोळ्यानं. दादांनी काही नाही चोरलं. काळीज-बिळीज काही नाही नेलं. ठेवा तो रॉड."

तो पडद्याकडे पाहत राहिला. मला वाटलं हसेल, निदान खाली तरी बसेल. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर विसरले नाही. फसवल्यासारखा चेहरा झाला त्याचा, आणि फसवणारी मी. त्याला डिस्क चालू व्हायला नकोच होती! हे मला त्या क्षणी समजलं. त्याला भावाला मारायचं होतं, बस्स, आणि मी त्याच्या हातातलं कारण काढून घेतलं होतं.

त्यानं रॉड उचलला तो सरळ पडद्यावर. मोर, कमळं सगळी फुटली. दुसरा घाव डब्यावर येत होता, मी डब्यावर पालथी पडले. घाव माझ्या हातावर बसला, कोपराच्या खाली. आवाज मला ऐकू आला, काटकी मोडावी तसा. कळ नंतर आली. "आता दाखव चालू करून," तो म्हणाला, आणि रॉड घेऊन, पेपरात न गुंडाळताच, निघाला.

राजापेठच्या थांब्यावर त्यानं बस पकडली असणार. मी डाव्या हातानं फोन काढला. पहिला फोन पोलिसांना. पलीकडून विचारलं, कोण आहे तो? मी म्हटलं, "माहा नवरा. भावाले मारायला अकोल्याले निघाला." नाव सांगितलं, शर्टाचा रंग सांगितला, भासऱ्यांच्या दुकानाचा पत्ता सांगितला. दुसरा फोन जाऊबाईंना.

जाऊबाईंनी जे केलं ते माझ्या हातून झालं नसतं. भासरे आत कोयता घेऊन बसले होते, त्या "चहा आणते" म्हणून बाहेर आल्या आणि शटर ओढून कुलूप ठोकलं. बस पोचायच्या वेळी त्यांनी मला फोन लावून चालूच ठेवला, आणि मी सरकारी दवाखान्यात हाताला फळी बांधून बसल्या बसल्या सगळं ऐकलं. नवरा पोचला. बाहेरून रॉडनं शटर ठोकायला लागला. आतून भासरे कोयत्यानं. पत्र्याचा असा कर्कश आवाज, आणि मधे मधे शिव्या. दोघंही एकमेकांच्या मायचा उद्धार करत होते. एकाच माउलीच्या पोटची पोरं ही! मग पोलिसांची गाडी आली, आणि नवऱ्याचा आवाज लांब गेला.

डॉक्टर आत आल्या, कागद पुढं घेतला. "पडलात का?" मी म्हटलं, "पडली नाही. नवऱ्यानं मारलं, तसंच लिहा."

मला वाटलं, संपलं. कोणी मेलं नाही, डिस्क उठली, आता जे होईल ते होईल. पण मी ह्या भावांना ओळखलंच नव्हतं.

कुलूप उघडल्यावर भासऱ्यांनी आधी जाऊबाईंना लाथांनी तुडवलं, आणि मग विचारलं, धाकटा कुठं आहे? पोलिसांनी नेला म्हटल्याबरोबर माणूस पार बदलला. जेवणाचा डबा भरून घेऊन गेले चौकीत. माझी काही तक्रार नाही, घरचं भांडण आहे, असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं भाऊ एकाच बसनं अमरावतीला आले आणि हसत घरात शिरले. नवऱ्याच्या खांद्यावर भासऱ्यांचा हात होता, तोच, दारात सापडून वाकड्या झालेल्या बोटाचा.

"वाढ," नवरा म्हणाला.

मी एका हातानं वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. दोघं एका ताटात जेवायला बसले. भासऱ्यांनी एक घास त्याला भरवला. मग माझ्याकडे न पाहता, भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "आपल्या घरात पोलीस कवाच आला नव्हता. ह्या बाईनं आणला."

नवरा म्हणाला, "तिले जाऊ दे माहेरी. बरी होईन तवा पाहू."

"जाऊ दे. पण ते डिस्क इथंच राह्यली पायजे. वाटा भावाचा असते, बाईचा नाही."

मी ओट्याला टेकून उभी होते. हात ठणकत होता, पायातली जखम ठणकत होती. काल ह्याच माणसाचं डोकं वाचावं म्हणून मी त्या काळ्या खिडकीसमोर बसले होते. मारणाऱ्याला घास भरवतो हा, आणि वाचवणारी चोर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची पण एक हद्द असते. अन्नाला पाय लावू नये, मला कोणी शिकवायची गरज नाही, मी जमिनीवर सांडलेले दाणे उचलून खाणाऱ्या घरची आहे. मी पुढं गेले आणि त्या ताटाला लाथ मारली. भाजी भासऱ्यांच्या शर्टावर, भाकर दाराबाहेर. दोघंही नुसते पाहत राहिले. सगळ्या जन्मात त्यांच्यासमोर कोणी असं केलं नव्हतं, त्यांच्या बापानंसुद्धा नाही.

ते भानावर यायच्या आत मी घराबाहेर पडले. दुकान उघडलं. डबा एका बाजूनं चेपला होता, झाकण निघेना, गुडघ्याखाली दाबून पेचकसानं उचकटलं. डिस्क काढली आणि हाताच्या झोळीत, प्लॅस्टरला लागून ठेवली. समोरच्या चहावाल्यानं न विचारता रिक्षा थांबवली. अकोल्याला जाणाऱ्या पहिल्या बसमध्ये बसले. रस्ताभर खड्डा आला की मी डिस्कवर दुसरा हात ठेवायची.

माहेरी आईनं मला पाहून पदर तोंडात कोंबला. आधी रडली, मग त्या दोघा भावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग विचारलं, "आता?" आता काय, ते मलाही माहीत नव्हतं. ती डिस्क दुसऱ्या डब्यात उठेल याची कोणी खात्री दिली नव्हती. रॉडचा घाव तिच्यापर्यंत पोचला असेल, कोण सांगणार? ती उठली तर माझ्या हाताला काम आहे. नाही उठली तर प्लॅस्टर निघाल्यावर मला त्याच दारात परत जावं लागेल, आणि त्या ताटाचा हिशेब द्यावा लागेल.

आमच्या जुन्या डब्याच्याच जातीचा एक जुना डबा मिळाला. आईच्या खोलीत, जेवणाच्या पाटावर तो मांडला. डाव्या हातानं पेच आवळले. बटण दाबायच्या आधी मी जितकी घाबरले तितकी त्या रॉडला घाबरले नव्हते. पहिल्यांदा निळा पडदा आला आणि बंद पडली. आई म्हणाली, "राहू दे वं, पोरी." मी पुन्हा दाबलं. ती अडकली, कुरकुरली, थांबली. मग उठली.

त्याच दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज मऊ होता, मार दिल्यानंतर असतो तसा. आधी हात कसा आहे विचारलं. मग आईची तब्येत.

"तिथं चालू झाली काय ते?" त्यानं विचारलं.

"झाली."

"माह्या डब्याबिगर?"

"तुमच्या डब्याबिगर."

इतकी वर्षं त्या माणसाचा आवाज ऐकला, चढलेला, फाटलेला, शिव्यांचा. त्या संध्याकाळी ऐकला तसा कधी ऐकला नव्हता.

"अन् मी?" तो म्हणाला.

मला त्याची दया आली. खोटं कशाला सांगू, आली. तरी मी फोन बंद केला, पाट जवळ ओढला आणि डाव्या हातानं एका शाळेचा बिल्ला काढायला बसले.